वरून हाताचे टाके घातले की पोट उसवत नाही?

निपाणी तालुक्यातल्या ४१ वर्षांच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. त्या घरी ब्लाउज शिवतात. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, आणि रात्री आडवं झालं की छातीत जळजळ होते, घशाशी आंबट येतं. वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी स्लीव्ह सुचवलं, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून नळीएवढं जठर ठेवणं. 'स्टेपलरच्या रेषेवर हातानं दुसरी शिलाई घालतो, शिवाय पट्टी लावतो' असं ते म्हणाले. पट्टीचे पैसे वेगळे. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बायपास, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून तिला आतडं जोडणं, सुचवलं आणि 'रेषेवर वरून टाके मी सहसा घालत नाही' असं सांगितलं. भावकीतल्या एका वहिनींना मोठ्या शहरात स्लीव्ह केल्यावर आठव्या दिवशी गळती लागली, म्हणजे शिलाईतून जठरातलं पोटात झिरपलं, दीड महिना दवाखान्यात गेला. 'कपड्याला दुहेरी टीप मारली की उसवत नाही, मग पोटाला का नको? जे दोनदा शिवतात त्यांच्याकडेच जाऊ ना?' असं त्या विचारतात. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे : 'मिश्री लावते, लग्नाआधीपासून. डॉक्टरांनी सिगारेट-दारूचंच विचारलं, म्हणून सांगितलं नाही.'

ताई,

तुम्ही शिवणकाम करता, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. कापडाला दुसरी टीप मारली की ताण दोन धाग्यांत वाटला जातो आणि कापडाचं काही बिघडत नाही. जठराची भिंत जिवंत असते. धागा तिला सुरुवातीचे काही दिवस धरून ठेवतो; पुढे ती टिकते ती दोन्ही कडा एकमेकींत भरून आल्यामुळे, आणि भरून यायला रक्त लागतं. टाका करकचून ओढला की तिथलं रक्त अडतं. टाके फार जवळजवळ पडले तरी तेच होतं. जुन्या रेशमी कापडावर बारीक टीप मारली तर ते टिपेच्या कडेनंच फाटतं, हे तुम्ही पाहिलं असेल. दुसरी शिलाई फुकट मिळत नाही, एवढं आधी धरून चालू.

आता स्लीव्हमध्ये होतं काय ते बघा. जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी मागे ठेवतात. तिचं माप बिघडू नये म्हणून तोंडातून ३६ ते ४० फ्रेंच मापाची, म्हणजे साधारण १२-१३ मिलिमीटर जाडीची, रबरी नळी आत सोडतात आणि तिच्या कडेनं स्टेपलर चालवतात. सुरुवात जठराच्या खालच्या झडपेपासून ४ ते ६ सेंटिमीटर सोडून करतात. स्टेपलर एका दाबात दोन्ही बाजूंना पिनांच्या तीन-तीन रांगा मारतो आणि मधून कापतो. तुम्ही जिला एकेरी शिलाई समजता ती मुळातच तिहेरी आहे. टायटॅनियमची ही पिन बंद होताना रोमन 'बी' अक्षरासारखी वळते, आणि तिच्या पोकळीतून बारीक रक्तवाहिन्या चालू राहतात. कड जिवंत राहावी म्हणूनच तिची घडण तशी केलेली आहे.

मग गळती का लागते? अनुभवी हातांतही साधारण शंभरात एखाद्याला लागतेच, आणि ती कोणत्या दिवशी लागली यावरून बरंच कळतं. पहिल्या दोन दिवसांत लागली तर बहुधा शिलाईचाच दोष असतो : भिंतीची जाडी आणि पिनेची उंची जुळलेली नसते. जठराचा खालचा भाग जाड असतो, वरचा पातळ. म्हणून एकाच ऑपरेशनमध्ये उंच पिनांची आणि बुटक्या पिनांची अशी वेगवेगळी काडतुसं वापरावी लागतात. स्टेपलर मिटल्यावर लगेच दाबायचाही नसतो. पंधरा-वीस सेकंद थांबलं की दाबलेल्या भिंतीतलं पाणी सरकतं आणि पिना नीट बसतात. जाड कापडाची घडी दाबून बसवल्याशिवाय तुम्हीही सुई मारत नाहीच की.

पाचव्या दिवसानंतर लागणारी गळती वेगळी. तिच्यात बहुतेक वेळा कडेला रक्त कमी पडलेलं असतं. तुमच्या वहिनींचे कागद पाहिल्याशिवाय खात्रीनं बोलता येणार नाही, पण आठवा दिवस या प्रकाराकडे बोट दाखवतो. जागाही ठरलेली असते : अन्ननलिका जठराला मिळते तो डावीकडचा वरचा कोपरा. तिथली भिंत पातळ, आणि प्लीहेकडून येणाऱ्या छोट्या रक्तवाहिन्या ऑपरेशनमध्ये कापलेल्या. त्यात नळीच्या मध्यावर, जिथे जठर वळतं तिथे, ती अरुंद झाली किंवा पिळली गेली, तर आतला दाब वर चढतो. खाली झडप, मध्ये चिमटा, मग फुटायचं कुठे? वरच्या कोपऱ्यात. शेतातल्या पाइपला खाली पीळ पडला की वरचा जोड गळतो, तसंच. अशा वेळी वरच्या कोपऱ्यावर कितीही टाके घातले तरी मूळ दुखणं वळणावर असतं. आणि वळणावर जास्त भिंत आत घेऊन शिलाई घातली, तर त्या शिलाईनंच ती जागा अरुंद होऊ शकते. म्हणून वरून शिवणारे जाणते सर्जन शिलाई संपेपर्यंत रबरी नळी आतच ठेवतात. बेळगावच्या डॉक्टरांना हा एक प्रश्न जरूर विचारा.

वरून शिवण्याचेही प्रकार आहेत, आणि 'दुहेरी टाके' या एका शब्दात ते सगळे कोंबले जातात. एक म्हणजे रेषेवरून, भिंतीच्या आरपार जाणारा धावता टाका. रक्तस्राव थांबवायला तो चांगला, पण त्याची प्रत्येक सुई आतपर्यंत भोक पाडते. दुसरा टाका भिंतीच्या फक्त बाहेरच्या थरांतून जातो आणि पिनांची रेष आत मुडपून झाकतो. तुमच्या भाषेत कच्ची कड आत घेऊन घातलेली दुमड. दिसायला नेटका, पण दुमडीला कापड लागतं तशी इथे नळीची रुंदी जाते. तिसरा म्हणजे सगळी रेष न शिवता नेमक्या जागा शिवणं : दोन काडतुसांच्या रेषा जिथे एकमेकींवर येतात तिथे, वरच्या टोकाला, आणि जिथून रक्त पाझरताना दिसतं तिथे. चौथ्या पद्धतीत पोटातल्या चरबीचा पदर रेषेला टाचतात. त्यानं नळी पिळली जाऊ नये आणि मळमळ कमी व्हावी, हा हेतू. पट्टी म्हणजे पिनांखाली घातलेलं अस्तर. ती स्टेपलरवरच चढवून येते.

धागा बहुतेक वेळा विरघळणारा असतो. हल्ली काटेरी धागाही वापरतात. त्याला गाठ लागत नाही, वेळ वाचतो. पण त्याचं उघडं टोक आतड्यात किंवा आतड्याला धरणाऱ्या पडद्यात अडकून आतडं अडल्याची उदाहरणं आहेत, म्हणून ते टोक अगदी जवळ कापायचं आणि उघडं ठेवायचं नाही.

या सगळ्याचा उपयोग किती? रक्तस्राव कमी होतो, याला बऱ्यापैकी आधार आहे. गळतीबद्दल तसं म्हणता येत नाही. छोट्या चाचण्या एकत्र केल्या की काहींत फायदा दिसतो, काहींत दिसत नाही. अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ८९ हजार स्लीव्ह ऑपरेशनांच्या नोंदींवर २०१६ साली अभ्यास झाला. त्यात रेषेला असा जादा आधार दिलेल्यांमध्ये रक्तस्राव कमी आढळला, गळती मात्र किंचित जास्त. आधारामुळेच गळती वाढली असं त्यावरून म्हणता येणार नाही, कारण अवघड पोट दिसलं की सर्जन जास्त आधार देतो. पण 'दोनदा शिवलं म्हणजे गळती नाही' हे वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही. बेळगावचे डॉक्टर चूक करत आहेत असंही नाही. वरून शिवणं ही मान्य पद्धत आहे. आणि कोल्हापूरचे निष्काळजी नाहीत. पट्टीचे पैसे द्यायचे तर रक्तस्राव कमी व्हावा म्हणून द्या. 'गळतीचा विमा' म्हणून कोणी ती विकत असेल, तर 'कशावरून?' असं विचारा.

शिलाईपेक्षा सर्जन शेवटच्या दहा मिनिटांत काय करतो त्याला माझ्या मते जास्त वजन आहे. भूलतज्ज्ञाला सांगून रक्तदाब थोडा वर, १४० च्या आसपास नेला की लपलेला रक्तस्राव दिसतो आणि तेवढ्याच जागी टाका घालता येतो. निळा रंग किंवा हवा भरून जोड तपासतात. हवेच्या वेळी जठर पाण्याखाली बुडवायचं आणि बुडबुडे बघायचे, सायकलच्या ट्यूबसारखं. ही तपासणी उशिरा लागणारी गळती ओळखत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता पत्रातली मला जास्त महत्त्वाची वाटलेली ओळ : घशाशी येणारं आंबट. दोन डॉक्टरांनी तुम्हाला दोन वेगळी ऑपरेशनं सुचवली आहेत, आणि तुम्ही त्यांची तुलना टाक्यांवरून करता आहात. स्लीव्हची नळी अरुंद आणि जास्त दाबाची असल्यामुळे काहींची जळजळ वाढते, काहींची नव्यानं सुरू होते. बायपासनं ती सहसा कमी होते. मधुमेहावरही बायपासचा परिणाम सरसकट पाहता थोडा अधिक असतो. म्हणून टाक्यांच्या आधी तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका-जठराची तपासणी करून घ्या. सूज किती आहे, छाती-पोटामधल्या पडद्यातून जठर वर सरकलं आहे का, ते कळू दे. सरकलं असेल तर पडद्याचं भोक न विरघळणाऱ्या टाक्यांनी आवळावं लागतं, मग ऑपरेशन कोणतंही असो. तुमच्या पोटात सगळ्यात कामाचे टाके कदाचित तेच ठरतील.

'बायपास मोठं ऑपरेशन, स्लीव्ह छोटं' ही समजूत आपल्या भागात पक्की आहे. बायपासमध्ये जोड दोन असतात, वेळ जास्त लागतो, जीवनसत्त्वांच्या गोळ्या अधिक काटेकोर घ्याव्या लागतात, हे खरं. पण स्लीव्हमध्ये कापलेला भाग परत जोडता येत नाही, आणि वीस-पंचवीस सेंटिमीटरची रेष दाबाखाली भरून यायची असते. छोटं कशाला म्हणायचं?

बायपासमध्ये मात्र टाक्यांचा प्रश्न खरोखर मोठा आहे, फक्त तुम्ही बघता आहात त्या जागी नाही. साधारण ३० मिलिलिटरची पिशवी करून तिला लहान आतडं जोडतात, आणि खाली आतड्याला आतडं जोडतात. आतड्याला धरून ठेवणारा चरबीचा पडदा असतो. आतडं कापून वर नेलं की त्या पडद्यात दोन फटी पडतात : एक खालच्या जोडापाशी, दुसरी वर नेलेल्या आतड्यामागे, जिला पीटरसनची फट म्हणतात. ऑपरेशनच्या दिवशी पडदा चरबीनं भरलेला असतो, फटी लहान दिसतात. वर्षभरात तीस-चाळीस किलो उतरले की ती चरबीही वितळते आणि फटी मोठ्या होतात. त्यांत आतडं शिरून पिळलं गेलं तर काही तासांत काळं पडू शकतं.

स्वीडनमध्ये २५०७ रुग्णांवर झालेली चाचणी २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. फटी बंद केलेल्यांपैकी ५.५ टक्क्यांना तीन वर्षांत आतडं अडल्यामुळे पुन्हा ऑपरेशन लागलं. बंद न केलेल्यांपैकी १०.२ टक्क्यांना. पण पहिल्या महिन्यातल्या गंभीर अडचणी बंद करणाऱ्या गटात जास्त होत्या, ४.३ विरुद्ध २.८ टक्के. कारण असं की फट शिवताना पडदा ओढला गेला की खालच्या जोडाला मुरड पडते. काखेची शिलाई ओढून घेतली की बाहीला चुणी पडते ना, तसंच. म्हणून इथे धागा न विरघळणारा हवा. विरघळणारा धागा नेमका फट मोठी होण्याच्या दिवसांत गायब झालेला असतो. टाके पडद्याच्या मुळापासून आतड्यापर्यंत सलग घालायचे, मध्ये ढिलाई नको, ओढाताण नको. मुरड पडू नये म्हणून जोडापाशी आतड्याला आतडं टाचणारा एक वेगळा टाकाही घालतात. पिशवी-आतड्याच्या जोडात मात्र धागा विरघळणाराच हवा. तिथे कायमचा धागा आत उघडा राहिला तर त्याच्याभोवती व्रण होतो.

म्हणजे एकाच ऑपरेशनमध्ये दोन जागांना दोन उलटे नियम आहेत. कोल्हापूरच्या डॉक्टरांना 'टाके घालता का?' असं विचारू नका. 'पडद्याच्या दोन्ही फटी बंद करता का, आणि कोणत्या धाग्यानं?' असं विचारा. उत्तर नेमकं आलं की माणसाला काम माहीत आहे असं समजा. दोघांनाही आणखी दोन गोष्टी विचारा : वर्षाकाठी अशी किती ऑपरेशनं करता, आणि घरी गेल्यावर रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कोण उचलतं. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर ते मराठीत समजावून मागा आणि समजल्यावरच सही करा. तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

मिश्रीचं आज-उद्यातच फोन करून सांगा. लाजू नका, तुमच्या भागात तंबाखूवर किती घरं चालतात हे डॉक्टरांना ठाऊक असतं, फक्त फॉर्मवर 'धूम्रपान' एवढाच रकाना असतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरडीतून निकोटिन रक्तात जातं, रक्तवाहिन्या आखडतात, आणि भरून येण्याचं रक्त कमी होतं. बायपासनंतर जोडाजवळ होणाऱ्या व्रणाचं तंबाखू हे मोठं कारण आहे. निदान सहा आठवडे आधी बंद, आणि नंतर कधीच नाही. बंद केल्यावर पहिले दहा-बारा दिवस चिडचिड, डोकेदुखी होईल, म्हणून ऑपरेशनची तारीख घेतानाच मोजून घ्या. काही ठिकाणी लघवीतून निकोटिन तपासतात. टाके एकेरी की दुहेरी, यापेक्षा हा एक डबा फेकून देण्यानं तुमचा धोका जास्त कमी होईल, असं माझं मत आहे. अंगदुखीच्या डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांचंही तसंच : बायपासनंतर दुकानातून आणून घ्यायच्या नाहीत.

घरी आल्यावरचे पहिले पंधरा दिवस शिलाईची राखण तुमच्याकडे. एका वेळी ३० मिलिलिटर, म्हणजे जवळपास दोन मोठे चमचे, तेही घोट-घोट. आधी पाणी, पातळ ताक, गाळलेलं वरणाचं पाणी. मग नाचणीचं पातळ आंबील, प्रोटीन पावडर. दोन आठवड्यांनंतर घोटलेलं, चौथ्या आठवड्याच्या सुमाराला मऊ. प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅमपर्यंत न्यायची. भाकरीचा तुकडा 'एकच' म्हणून पहिल्या महिन्यात खाल्ला आणि उलट्या काढल्या, तर प्रत्येक उबळीचा दाब त्या रेषेवर येतो. गोकाकचं करदंट चिकट असतं, ते बरेच महिने दूर. बायपास झालं तर कुंदाही जपून. गोड एकदम आतड्यात उतरलं की घाम, धडधड, जुलाब. पोटावरच्या १२ मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या छिद्रांना सहसा आतून टाका घातलेला असतो, तरी सहा आठवडे घागर उचलायची नाही. मशीनवर बसायला हरकत नाही, पण दर अर्ध्या तासानं उठून चाला.

गळती घरी गेल्यावर लागते, ही मोठी अडचण. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव सत्तर-पंचाहत्तर. महामार्ग असल्यामुळे दोन्ही जमण्यासारखं आहे. आत दूरच्या खेड्यात राहत असाल तर दहा-बारा दिवस नातेवाइकांकडे शहरात राहा. बसलेल्या जागी नाडी १२० च्या वर आणि अर्ध्या तासात उतरत नाही, ताप, डाव्या खांद्यात दुखणं, धाप, पोट वाढत्या कळेनं दुखणं : यातलं एकही असेल तर ऑपरेशन केलेल्या ठिकाणी फोन करून निघायचं. नाडी आधी वाढते, ताप मागून येतो. 'उद्या बघू' इथे नको. सतत उलट्या होत असतील आणि गावातला डॉक्टर ग्लुकोजची सलाइन लावत असेल, तर आधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायला सांगा. ते न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

आणि बायपास झालं असेल तर ही गोष्ट वर्षा-दोन वर्षांनीही लागू. जेवल्यावर बेंबीच्या वर मुरडा येतो, पाठीत जातो, थांबतो, पुन्हा येतो. गावात त्याला गॅस म्हणतील. सीटी स्कॅनमध्येही कधी कधी काही दिसत नाही. तरी कळ टिकून असेल तर पोटाला छिद्र पाडून दुर्बिणीनं आत बघावं लागतं. तेव्हा जवळचा दवाखाना कोल्हापूरचा असेल, बेळगावचा असेल किंवा लग्नाला गेलात तिथे हुबळीचा, आणि तिथल्या सर्जनला तुमच्या पोटात काय केलं आहे हे ठाऊक नसेल. म्हणून डिस्चार्जच्या वेळी एक कागद वेगळा मागून घ्या : ऑपरेशनचं नाव, जोडणीत आतड्याचे जे दोन फाटे होतात त्यांची लांबी, फटी बंद केल्या की नाही, कोणता धागा, सर्जनचा नंबर. त्याचा फोटो तुमच्याशिवाय घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. कळ आल्यावर तुम्हाला हे काही सांगता येणार नाही.